दाजीचा मफलर: दीड मिनिटाच्या कार्टूनची कामाची वही

७ जून २०२५, शनिवार

दोन वर्षं नुसत्या गप्पा झाल्या, आज वही घातली. गणपतीत सोसायटीच्या पडद्यावर दीड मिनिटाचं कार्टून दाखवायचं. बोलणारे प्राणी, मराठी बोलणारे. पद्धत मात्र १९५८ ची, म्हणजे अमेरिकन टीव्हीवरचा ‘हकलबेरी हाउंड शो’ हा कार्टून कार्यक्रम ज्या रीतीने केला गेला तीच: कागद, पेन्सिल, पारदर्शक शीट, रंग आणि वरून कॅमेरा. कॅमेरा मोबाइलचा, तेवढी सूट. दिवसभर ऑफिसात ऑटोकॅडवर लोकांच्या टू-बीएचकेचे नकाशे काढतो, घरी येऊन परत माउस धरायची इच्छा नाही.

मदतीला भाची. दहावी झालेली, अकरावीचे प्रवेश अजून चालू, त्यामुळे मोकळी. हात माझ्यापेक्षा चांगला. अट एकच घातलीय: “मामा, मला रंग भरायलाच बसवायचं नाही.”

हीच मालिका का, तर १९९५ ला कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि आमच्याकडे केबल आली तेव्हा शाळेतून आल्यावर हेच लागलेलं असायचं. निळा कुत्रा हकलबेरी संथ, ओढून बोलायचा. त्याच्याच कार्यक्रमातून वर आलेला योगी बेअर जेलीस्टोन पार्कमध्ये सहलीला आलेल्यांचे डबे पळवायचा. आजीला नाव ऐकून वाटलं होतं काहीतरी धार्मिक आहे. थोडा वेळ बघून म्हणाली, “योगी म्हणे, आणि डोळा दुसऱ्याच्या डब्यावर!”

८ जून

आज फक्त हिशोब.

सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम). आमची ९० सेकंदं, म्हणजे २१६०. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवायचं (धंद्यात याला ‘ऑन टूज’ म्हणतात) तरी १०८० चित्रं, आणि तीही एकाच पात्राची. रोज दोघांनी मिळून पंधरा काढली तर बहात्तर दिवस नुसते चित्रांना. रंग, चित्रीकरण, आवाज वेगळं. गणपती २७ ऑगस्टला. बसतच नाही.

हकलबेरी काढणाऱ्या हॅना आणि बार्बेरा यांच्यापुढे नेमकं हेच गणित आलं होतं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा एमजीएम या सिनेमा कंपनीत १९४० पासून ‘टॉम अँड जेरी’ करत होते. सात ऑस्कर. मांजर पळताना शेपटीचं टोकसुद्धा स्वतंत्र विचार करतंय असं वाटावं इतकी चित्रं. १९५७ मध्ये कंपनीने कार्टूनचा विभागच बंद केला, कारण जुनी कार्टूनं परत थेटरात लावूनही जवळपास तेवढेच पैसे मिळत होते. मग दोघं टीव्हीकडे वळले. तिथे पाच मिनिटांच्या भागाला तीन हजार डॉलरच्या आसपास. एमजीएममध्ये सात मिनिटांना याच्या दहापट आणि वर जायचे. त्यांनी चित्रं कमी केली. किती कमी, कुठली कमी, यातच सगळी अक्कल आहे आणि मला ती शिकायचीय.

डिसेंबर १९५७ ला त्यांची पहिली मालिका ‘रफ अँड रेडी’ आली, एक मांजर आणि एक कुत्रा. सप्टेंबर १९५८ ला हकलबेरी. १९६० मध्ये त्याला एमी, म्हणजे तिकडचं टीव्हीचं बक्षीस, मिळालं, ॲनिमेशन मालिकेला मिळालेलं ते पहिलं. टीव्हीसाठी कार्टून करणारे हे पहिले नव्हेत. १९५० मध्येच ‘क्रुसेडर रॅबिट’ नावाचा ससा आणि त्याचा वाघ मित्र येऊन गेले होते, त्यात तर हालचाल आणखी कमी. पण डोक्यात राहिले ते हकलबेरी आणि योगीच.

१५ जून

पात्रं ठरली. घाटातल्या कठड्यावर बसणारं माकड, नाव दाजी. त्याच्या सोबतीला भित्रं मुंगूस, बाळ्या. अस्वलाची नक्कल नको होती, आणि घाटात डबे पळवायला आपल्याकडे अस्वलाची गरजही नाही. पसरणी घाटात गाडी थांबवून कणीस हातात घेऊन बघावं.

आता मुख्य गोष्ट. योगीचं धड उघडं, पण गळ्यात पांढरी कॉलर आणि हिरवा टाय. त्याच्या सोबतचं छोटं अस्वल बू-बू, त्याला बो टाय. हकलबेरीलाही बो टाय. लहानपणी वाटायचं गंमत म्हणून आहे. गंमत नाही, ते सांध्यावरचं झाकण आहे. डोकं एका शीटवर, धड दुसऱ्या. धड दहा सेकंद तसंच पडून राहतं, डोकं तेवढं बदलायचं. मान जिथे कापली ती रेघ कॉलरखाली लपते. कॉलर नसती तर डोकं हललं की मानेवरचा सांधा उघडा पडला असता आणि प्रत्येक वेळी धडही काढावं लागलं असतं. हा सगळा साचा त्यांच्याकडच्या एड बेनेडिक्ट यांच्या रेखाटनांचा: जाड बाह्यरेषा, सोपे आकार, कमीत कमी कोपरे.

दाजीला टाय शोभेना. भाचीने उपरणं काढून बघितलं, पुढारी वाटायला लागला. मग मफलर. धुकं, थंडी, कानाला वारा लागू नये म्हणून घाटातल्या प्रत्येक टपरीवाल्याच्या गळ्यात असतो तसला, तपकिरी, चौकडीचा. चौकडी लगेच रद्द केली. धड बदललं की दर वेळी चौकडी कोण भरणार? साधा मरून.

१९ जून

लाइट बॉक्स झाला, म्हणजे खालचं चित्र वरच्या कागदातून दिसावं म्हणून खालून उजेड. प्लायचा खोका, आत एलईडीची पट्टी, वर काच. काच शोकेसची सरकती, बोट घालायची खाच असलेली. आई म्हणाली, “गणपतीला पाहुणे येतील, तेव्हा शोकेस उघडं दिसता कामा नये.” लिहून ठेवतो: काच परत, २६ ऑगस्टपूर्वी.

कागद सरकू नयेत म्हणून खुंट्या लागतात. व्यवसायातल्या पट्टीला तीन असतात, मधली गोल आणि बाजूच्या दोन चपट्या. आम्ही ऑफिसातलं फायलीचं पंचिंग मशीन घेतलं, दोन भोकं, मध्ये ८० मिलिमीटर. दोन खुंट्या लाकडी, जाडी पंचच्या भोकाएवढी, म्हणजे सहा मिलिमीटर. घट्ट बसतंय.

२२ जून, रविवार

आवाज. हो, चित्रांच्या आधी.

हे पटायला मला वेळ लागला. वाटत होतं चित्रं काढू आणि मग कुणीतरी बोलेल. पण तोंडाची चित्रं आवाजावर बसवायची असतात, आवाज तोंडावर नाही. त्यात या पद्धतीत पात्र नुसतं उभं असतं, जे काय घडतं ते आवाजात. डॉज बटलर नावाच्या एका माणसाने हकलबेरी आणि योगी दोघांना आवाज दिला. एकाचा अमेरिकेच्या दक्षिणेकडचा संथ हेल, दुसऱ्याचा फुशारकीचा. बू-बू आणि पार्कचा रखवालदार रेंजर स्मिथ, या दोघांचा आवाज डॉन मेसिक यांचा. दोन माणसं माइकसमोर उभी राहिली की अख्खं जंगल तयार.

चक जोन्स हे दुसऱ्या स्टुडिओतले मोठे दिग्दर्शक. ते टीव्हीवरच्या असल्या कार्टूनांना ‘सचित्र रेडिओ’ म्हणून हिणवायचे. मला ती शिवी वाटत नाही. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्या माणसाला कशी वाटेल?

आमचे डॉज बटलर म्हणजे शेजारचे काका. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. गर्दीच्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा, तो अजून तसाच आहे. गादीच्या खोलीत, दोन्ही बाजूंना रजया टांगून रेकॉर्डिंग केलं. पंखा बंद, काका घामाघूम. मुख्य संवाद:

दाजी: “बाळ्या, मुंबईची गाडी आली. आंबापोळीचा वास येतोय.”
बाळ्या: “दाजी, बोर्ड वाचलात का? माकडांना खायला देऊ नये.”
दाजी: “देऊ नये असं लिहिलंय. घेऊ नये असं कुठं लिहिलंय?”

बाळ्याचा आवाज भाचीचा. काकांना पाचव्या वेळेला जमलं. पहिल्या चार वेळा ते ‘घेऊ नये’ वर जोर देत होते. पाचव्यांदा ‘कुठं’ वर दिला, आणि खोलीबाहेर उभी असलेली आई हसली. तोच ठेवला. हसू थोडं आत आलंय, कापता येईल.

२८ जून

तोंडांचा तक्ता. आजचा दिवस सगळ्यात मजेचा गेला, म्हणून सविस्तर.

कार्टूनवाल्यांकडे बोलण्याचा तक्ता असतो. आठ-नऊ तोंडं काढून ठेवायची आणि उच्चाराप्रमाणे बदलत राहायची. इंग्रजीचे तक्ते बघून बसवायला लागलो, अडकायला झालं. मग भाची म्हणाली, “मामा, हे आपल्या बाराखडीतच आहे की.” खरंच आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. क पासून म पर्यंत वर्णमाला घशातून निघून ओठांपर्यंत येते. चौथीत पाठ केलं होतं तेव्हा याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आरसा घेऊन दोघं तासभर तोंडं वाकडी करत बसलो. ठरलेली आठ:

एक, ओठ मिटलेले: प, ब, भ, म. दोन, खालच्या ओठावर दात: व, आणि ‘फोन’ मधला फ. तीन, दातांची फट: स, श, च, ज, आणि इ-ई. चार, दातामागे जीभ दिसते: त, थ, द, ध, न, ल. पाच, मोठा आ. सहा, अर्धं उघडं: अ, ए, आणि बरोबर क, ग, ह, र. सात, गोल: ओ, ऑ. आठ, चंबू: उ, ऊ.

मूर्धन्यांचं काय? ट, ड, ण, ळ म्हणताना जीभ आत वर वळते, बाहेरून काही कळत नाही. सगळे सहा नंबरात टाकले. ळ चा आपल्याला एवढा अभिमान, पण पडद्यावर ळ दिसतच नाही.

‘चाक’ मधला च आणि ‘चार’ मधला च हे आरशात वेगळे दिसतात. दुसऱ्यात ओठ जरा पुढे येतात. भाचीला नववं तोंड करायचं होतं. नाही म्हटलं. पैसे वाचवणाऱ्यांची पद्धत शिकतोय, तर कंजूषपणा शेवटपर्यंत. नंतर वाईट वाटलं, पण नाहीच.

३ जुलै

पहिली चाचणी, पेन्सिलीतली. “देऊ नये असं लिहिलंय.” दाजी बोलतो आहे खरा, पण मध्येच घास गिळल्यासारखा ओठ मिटतो. चारदा पाहिलं, कळेना कुठे चुकतंय.

भाचीने अनुस्वाराचा टिंब दिसला की तोंड नंबर एक लावलं होतं. टिंब म्हणजे म, असं तिच्या डोक्यात. मी तपासलं तेव्हा मलाही खटकलं नाही, कारण मीही संवाद ऐकून नाही तर वाचून तपासत होतो.

आता एकेक शब्द काकांच्या आवाजात ऐकला. ‘मुंबई’: ओठ मिटतात, पुढे ब आहे म्हणून. ‘आंबापोळी’: मिटतात. ‘माकडांना’: मिटत नाहीत, जीभ दाताला, नंबर चार. ‘असं’, ‘कुठं’: काहीच नाही, नुसता अ लांबतो, तोंड उघडंच राहतं. तोच टिंब, वागणूक तीन तऱ्हांची. आणि बाळ्या स्वतः मुंगूस, त्यात तर टिंब घशाशी. लिहिताना आपण टिंब देऊन मोकळे होतो, काम तोंडाला करावं लागतं.

नियम लिहून भिंतीवर लावला: लिपी बघू नका, आवाज ऐका.

६ जुलै

आषाढी. साबुदाण्याच्या खिचडीचं तेल एका डोक्याला लागलं. डोकं क्र. ७ पुन्हा काढणे.

१२ जुलै

एक्सपोजर शीट पूर्ण. लांब तक्ता, डावीकडे चौकटीचा क्रमांक, पुढे रकाने: पार्श्वभूमी, धड, डोकं, डोळे, तोंड. कुठल्या चौकटीला कुठली शीट, सगळं आधीच कागदावर. नकाशे काढणाऱ्या माणसाला हे घरच्यासारखं वाटतं.

दाजीचं पहिलं वाक्य साडेचार सेकंदांचं, १०८ चौकटी. तेवढ्यात धड १, डोक्याचे कल ३, तोंडं ८. एकूण बारा चित्रं. पूर्ण पद्धतीने ५४ लागली असती, तीही सगळी अंगासकट.

डबा पळवायचा प्रसंग काढायचाच नाही असं ठरलं. हॅना-बार्बेराकडे धडक, पडणं, मारामारी बऱ्याचदा चौकटीबाहेर व्हायची. पात्र पडद्याच्या कडेने निघून जाणार, धडाम् आवाज, कॅमेरा थोडा हलणार, संपलं. आमच्याकडे दाजी उजवीकडून बाहेर जातो. मागे उरतो बाळ्या, त्याची बुबुळं उजवीकडे. गाडीचं दार, स्टीलचा डबा घरंगळल्याचा आवाज, कुणाची तरी किंकाळी. बुबुळं डावीकडे. दाजी डबा घेऊन परत. चित्रं लागली सहा. सगळी चोरी प्रेक्षकाच्या डोक्यात होते, आणि तिथे ती आम्ही काढली असती त्यापेक्षा मोठी होते. वनरक्षकही दिसत नाही, नुसती शिट्टी.

खर्च वाचवायला लागले आणि विनोदाची जागाच बदलली, हे मला आज हाताने काढताना कळलं. बघताना कधी कळलं नव्हतं. पुढे सत्तरच्या दशकात हीच रीत कारखान्यासारखी चालली तेव्हा मात्र नुसतीच काटकसर उरली, असं माझं मत. भाचीला त्यांचाच ‘स्कूबी-डू’ आवडतो, ती भांडली.

१९ जुलै

रंग. भाचीची अट मोडली, दोघंही रंगच भरतोय.

पद्धत अशी: शीटच्या पुढच्या बाजूने शाईची रेघ, उलटवून मागून रंग. म्हणजे रंग थोडा रेघेखाली गेला तरी पुढून कड स्वच्छ. मूळ सेल (त्या काळच्या पारदर्शक शीट) ॲसिटेटच्या असत, आम्ही ओएचपीच्या, म्हणजे प्रोजेक्टरवर ठेवायच्या, शीट घेतल्या. पहिलं पाकीट दुकानदाराने प्रिंटरच्या शीटचं दिलं, एका बाजूला खरखरीत लेप असलेल्या. त्यावर ॲक्रिलिक टाकलं की चिकट व्हायचं आणि एकावर एक ठेवलं की सोलून निघायचं. अठरा शीट वाया. दुसरं पाकीट गुळगुळीत आणलं.

त्यात साताऱ्याचा जुलै. कपडे वाळत नाहीत तिथे रंग कुठला वाळतोय. दोरीवर चिमट्यांनी माकडाची डोकी लटकवलीत, खाली इस्त्रीचं टेबल, बाजूला हीटर. दूधवाला दारातून बघून गेला, काही विचारलं नाही.

२६ जुलै

एक नवीनच दुखणं. चाचणीत दाजी बोलायला लागला की अंगाचा रंग किंचित मळकट होतो, गप्प बसला की उजळतो. लाइट बदलला, मोबाइलचं एक्सपोजर कुलूप करून पाहिलं, तेच.

कारण शीटमध्ये आहे. पारदर्शक म्हटली तरी प्रत्येक शीट थोडा उजेड खाते. बोलताना धडावर तीन शीट (डोकं, डोळे, तोंड), गप्प असताना दोन. एक कमी झाली की खालचा सगळा रंग एक पायरी उजळ. उपाय जुनाच, त्या काळातले लोकही तेच करायचे: जिथे थर कमी तिथे कोरी शीट घालायची. थर कायम चारच. काहीच नसलेली शीट मोजून-मापून, क्रमांक टाकून ठेवणं हा प्रकार मला फार आवडला. ‘कोरी १’, ‘कोरी २’. भाचीने ‘कोरी २’ चुकून पुसायला घेतली, तेव्हा मी ओरडलो म्हणे.

३ ऑगस्ट, रविवार

पाठलागाची पार्श्वभूमी. हॅना-बार्बेराची सगळ्यात चेष्टा झालेली गोष्ट: पात्र पळतंय आणि मागून तेच झाड, तोच दगड पुन्हा पुन्हा. आज स्वतः केलं.

पडद्याची रुंदी २६ सेंटिमीटर. पट्टी ८६ ची काढली. पहिले २६ आणि शेवटचे २६ हुबेहूब सारखे. दर चौकटीला ५ मिलिमीटर सरकवायची. ६० सेंटिमीटर सरकली की मूळ जागी आणायची, डोळ्याला उडी कळत नाही. म्हणजे १२० चौकटी, पाच सेकंद. आमचा पाठलाग पंधरा सेकंदांचा, तर कठडा, वळणाची पाटी आणि वडापावचा गाडा तीनदा जातात. पट्टी प्रत्येक चौकटीला हलवावी लागते, दोन-दोनला हलवली तर गाडा थरथरतो. दाजीचं पळणं मात्र आठ चित्रांचं चक्र, ऑन टूज.

पहिल्यांदा केलं तेव्हा दाजी बर्फावर घसरल्यासारखा. जमिनीवर टेकलेला पाय जेवढा मागे जातो तेवढीच पट्टी सरकायला हवी, ते जुळलंच नव्हतं. पायाची तीन चित्रं पुन्हा काढली.

संध्याकाळी काका बघायला आले. तिसऱ्यांदा गाडा गेल्यावर आपोआप म्हणाले, “अहो दाजी, हा गाडा मघाशीच गेला की!” भाचीने तिथल्या तिथे बाळ्याच्या आवाजात रेकॉर्ड करून टाकलं. तक्त्यात जागा करावी लागली, पण राहू दे.

१० ऑगस्ट

काल राखी, काम बंद.

आज शोध लागला की बावीसपैकी अकरा डोकी दोन मिलिमीटर डावीकडे आहेत. पंचिंग मशीनचा कागद अडवायचा गज ढिला झाला होता, कधी ते देव जाणे. अकरा डोकी, त्यांच्यावर बसणारी तोंडं, डोळे. दहा मिनिटं दोघंही काही बोललो नाही.

मग तशीच लावून चाचणी घेतली. दाजीचं डोकं दोन मिलिमीटर सरकतं, आणि मफलर मफलरच्या जागी. मफलरची घडी मानेपेक्षा बरीच रुंद आहे, सांधा आतच राहतो. दाजी बोलताना थोडा डुलतो एवढंच, तेही फुशारक्या मारणाऱ्याला शोभतं. एकही डोकं पुन्हा काढलं नाही.

१३ ऑगस्ट

चित्रीकरण चालू. मोबाइल उलटा, लाकडी चौकटीला बांधलेला. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे. शीट सपाट राहायला वरून काच (हीच ती शोकेसची, बॉक्सवरून काढून). काचेत माझा पांढरा शर्ट दिसत होता, काळा घातला. चित्रं फिकट-गडद होत होती, शटर १/५० केल्यावर थांबली. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, दिवे तिच्या तालावर लुकलुकतात, शटरला त्या तालात आणावं लागतं.

एक चौकट घ्यायला सरासरी चाळीस सेकंद. जिथे पात्र स्थिर तिथे मी मोबाइलवर तीच चौकट पुन्हा डकवतो. १९५८ च्या कॅमेरामनला ही चैन नव्हती, त्याला फिल्मवर प्रत्येक चौकट खरोखर उतरवावी लागे.

दिवे थंड होईपर्यंत एक विचार. १९५६ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेचे क्लेअर वीक्स शिकवायला आले होते. ॲनिमेटर राम मोहन त्याच काळात तिथे दाखल झाले. त्या मंडळींनी जातकातली बोलणाऱ्या हरणाची गोष्ट केली, ‘द बनियन डिअर’, डिस्नेच्या भरपूर चित्रांच्या वळणाची. म्हणजे लॉस एंजलिसमध्ये लोक चित्रं कशी टाळायची ते शोधत होते, तेव्हा पेडर रोडला आपले लोक भरपूर चित्रं कशी काढायची ते शिकत होते. दोन्हीकडे बोलणारे प्राणीच.

१७ ऑगस्ट

चित्रीकरण संपलं. रात्री दीड. मोजदाद: रंगवलेल्या शीट १३०, पार्श्वभूमी ७, कोऱ्या ४. १०८० च्या जागी १३०.

२० ऑगस्ट

आवाज चित्राला लावला. अगदी बरोबर जुळवला तर तोंड उशिरा हलल्यासारखं वाटतं. चित्र आवाजाच्या दोन चौकटी आधी आणलं, मग बसलं. मिटलेले ओठ एकाच चौकटीत होते तिथे ते दिसतच नव्हते, ‘मुंबई’ ची ‘मुअई’ वाटत होती. दोन चौकटी केल्या.

संगीत कुणाचं घ्यायचं नव्हतं. हॅना-बार्बेराच्याही सुरुवातीच्या भागांत मागचं संगीत तयार संग्रहातून घेतलेलं असायचं. आम्ही काकांची जुनी तिकीट-पेटी आणि पंच वापरला. पळताना टकटक टकटक, थांबला की टिंग. छान जमलंय.

आईचं हसू ‘कुठं’ नंतर थोडं ऐकू येतं. कापलं नाही.

२५ ऑगस्ट

काच बसवली, शोकेसला. उद्याची मुदत एक दिवस आधी पाळली.

३० ऑगस्ट

काल दाखवलं. आरतीनंतर, अंताक्षरीच्या आधी. प्रोजेक्टर पांढऱ्या चादरीवर, चादरीला मधोमध घडी, ती नेमकी दाजीच्या मानेवरून. दोनदा लावायला लागलं, कारण पहिल्यांदा लहान मुलांना डबा कसा पळवला ते ‘दिसलंच नाही’. दुसऱ्यांदा त्यांच्यातल्याच एकाने बाकीच्यांना हात नाचवत सांगितलं: आधी गाडीच्या टपावर चढला, मग काचेतून हात घातला, मग बाई ओरडली. यातलं आम्ही काहीही काढलेलं नाही.

गाड्याच्या वाक्याला मोठे हसले. काका मागे उभे होते, कुणी ओळखलं का बघत. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी ओळखलं, म्हणाले, “हा आवाज सातारा-वाई गाडीत ऐकलाय.”

आज आवराआवर. शीटमध्ये बटर पेपर घालून १३० ची थप्पी खोक्यात भरली, कोऱ्या चारही त्यातच. मरून रंगाची बाटली अर्धी शिल्लक. भाचीची अकरावी चालू होतेय, पण नवव्या तोंडाचा कागद तिने वहीत चिकटवून ठेवलाय, ‘चार’ चा. शोकेसच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात मरूनचा ठिपका राहिलाय, आतल्या बाजूने. आईने त्याच्यापुढे फुलदाणी ठेवली आहे.